घरातले पाच संगणक, दोन मजले आणि एक वाय-फाय: नेटवर्क उभारायचं कसं

सांगलीच्या आमच्या घरात फायबरचं नेट आहे, प्लॅन २०० एमबीपीएसचा. तरीही वहिनी वरच्या खोलीतून ऑनलाइन शिकवणी घेताना दर थोड्या वेळाने लॅपटॉप उचलून जिन्यात येऊन बसायची, कारण रेंज जिन्यात यायची. खाली बाबांच्या ऑफिसच्या खोलीत दोन डेस्कटॉप आणि एक प्रिंटर. तो प्रिंटर दादाच्या लॅपटॉपला कधी दिसायचा, कधी नाही. पुतणीचा कॉलेजचा लॅपटॉप आणि टीव्ही धरला की घर पूर्ण. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, 'नेट स्लो आहे, प्लॅन वाढवूया.' गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस यावर बसलो. प्लॅन तोच राहिला आणि नवा राउटरही एकच लागला. त्या दोन दिवसांत जे ज्या क्रमाने केलं, ते त्याच क्रमाने लिहितो आहे. तुमचं घर फ्लॅट असो, वाडा असो की बंगला, क्रम बदलत नाही.

आधी घर कागदावर उतरवा

कागद घ्या आणि घराचा ढोबळ नकाशा काढा. कोणती भिंत नऊ इंची, कोणती साडेचार इंची, स्लॅब कुठे, लोखंडी कपाट कुठे, फ्रिज कुठे, मोठा आरसा कुठे, हे त्यावर लिहा. वाय-फायच्या लहरींना पातळ विटेची भिंत सोसते, जाड भिंत जड जाते, आणि लोखंडी सळ्या घातलेला स्लॅब तर फारच जड जातो. पाणी आणि धातू हे दोघे सर्वांत वाईट. कोकणातल्या जांभ्याच्या घरांत भिंती इतक्या जाड असतात की शेजारच्या खोलीतही अडचण येते. तिथे एकाच राउटरवर सगळं घर चालेल ही अपेक्षाच ठेवू नये.

मग यंत्रांची यादी करा आणि तिचे दोन भाग पाडा. एका बाजूला जागेवरून न हलणारी: डेस्कटॉप, प्रिंटर, टीव्ही. दुसऱ्या बाजूला हलणारी: लॅपटॉप, फोन, टॅब. माझा या सगळ्या कामातला मुख्य आग्रह इथेच आहे. जे हलत नाही त्याला वायर द्या आणि वाय-फाय हलणाऱ्यांसाठी मोकळं ठेवा. वाय-फाय म्हणजे एकाच हवेत सगळ्यांनी पाळीपाळीने बोलणं. एका वेळी एका चॅनलवर एकच यंत्र बोलतं, बाकीची थांबतात. टीव्ही आणि दोन डेस्कटॉप त्या रांगेतून काढले की उरलेल्यांची पाळी लवकर येते. त्यासाठी महाग राउटर लागत नाही.

प्लॅन किती हवा याचाही हिशेब इथेच करा. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला साधारण ३ ते ४ एमबीपीएस लागतात, टीव्हीवर फोर-केमध्ये सिनेमा लावला तर १५ ते २५. आमच्या घरात सगळे एकाच वेळी बसले तरी बेरीज ६०च्या पुढे जात नव्हती. एक गल्लत मात्र हमखास होते. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरवताना दिसणारा वेग मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट मिळणार. तो आकडा पाहून 'आपल्याला कमी स्पीड देतात' असा समज करून घेऊ नका.

राउटरची जागा: इंटरनेट नसतानाही तपासता येते

फायबर बसवायला आलेला मुलगा वायर जिथे घरात शिरते तिथेच डबा, म्हणजे कंपनीचा वाय-फाय असलेला मोडेम, ठोकून जातो. आमच्याकडे तो टीव्हीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, लाकडी युनिटच्या आत बसवला होता. पुढे टीव्हीचा धातूचा पत्रा, मागे नऊ इंची बाहेरची भिंत, म्हणजे निम्मी रेंज रस्त्याला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तिने माझे कितीतरी तास वाचवले. वाय-फायची रेंज मोजायला इंटरनेट लागत नाही. राउटरला फक्त वीज द्या, तो आपलं नाव हवेत सांगायला लागतो. म्हणजे फायबर न हलवता, भिंतीला भोक न पाडता, एक्स्टेन्शन बोर्ड आणि राउटर हातात घेऊन घरभर फिरता येतं. आज या कपाटावर ठेवा, मोजा. मग पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवा, मोजा.

मोजायचं कसं? अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अॅनलायझर नावाची बरीच मोफत अॅप्स आहेत. त्यात प्रत्येक वाय-फायपुढे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, एक उणे आकडा दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ७५ला अडखळायला लागतो, उणे ८०च्या पलीकडे जोडणी टिकत नाही. हा आकडा साध्या वजाबाकीचा नाही, ३ने खाली गेला की ताकद निम्मी होते. म्हणून उणे ६७ आणि उणे ७३ यांत सहाचाच फरक दिसला तरी ताकद चौथाईवर आलेली असते.

आमच्या घरातले आकडे सांगतो. डबा टीव्हीमागे असताना वहिनीच्या टेबलावर उणे ७८ यायचे. राउटर जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये, भिंतीवर सहा फुटांवर धरला, तर तिथेच उणे ६४. जिन्याच्या मोकळ्या जागेतून लहरी वर जात होत्या, स्लॅबमधून जावं लागत नव्हतं. राउटर उंच, मोकळा आणि घराच्या मध्याकडे असावा. मायक्रोवेव्हशेजारी नको, मीटरच्या लोखंडी पेटीत नको, देव्हाऱ्याच्या मागच्या कोनाड्यात नको.

जागा ठरली की दोन मार्ग उरतात. नवं कनेक्शन घेत असाल तर बसवणारा येण्याआधीच जागा दाखवा आणि फायबर तिथपर्यंत आणायला सांगा. जुनं असेल तर फायबरला हात लावू नका. ती काचेची तार आहे, काटकोनात वाकवली की आतून तडकते आणि जोडायला वेगळं यंत्र लागतं. डबा राहू दे जागेवर. त्याच्यापासून नव्या जागेपर्यंत लॅन केबल टाका आणि तिथे राउटर बसवा. आम्ही हेच केलं.

वायर टाकताना

केबल कॅट-सिक्स घ्या. दुकानात मागताना 'प्युअर कॉपर' असं स्पष्ट सांगा. बाजारात अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास मिळते, खोक्यावर तिला सीसीए म्हणतात. ती ठिसूळ असते, वाकवताना आतून तुटते. खात्री करायची तर टोकाची एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर परत करा. विजेच्या वायरच्या पाइपमधून लॅन केबल नेऊ नका. केसिंग पट्टी वेगळी मारा आणि विजेच्या पट्टीपासून निदान वीतभर अंतर ठेवा. लांबीची चिंता नको, मर्यादा १०० मीटरची आहे.

वर केबल न्यायची म्हणजे स्लॅबला भोक, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पण पंधरा वर्षांपूर्वी टीव्हीची केबल वरच्या खोलीत नेलेली होती, भिंतीतल्या पाइपमधून, आणि ती आता कोणी वापरत नव्हतं. ती जुनी काळी केबल हेच दोर म्हणून वापरलं. वरच्या टोकाला लॅन केबल चिकटपट्टीने घट्ट, निमुळती बांधली, दादाने खालून हळूहळू ओढलं, मी वरून सोडत गेलो. वळणावर एकदा अडकली. थोडा पातळ साबण लावून मागेपुढे केल्यावर निघाली. वीस मिनिटांत काम झालं. तुमच्याही घरात टेलिफोनचा किंवा केबल टीव्हीचा असा रिकामा पाइप असण्याची शक्यता बरीच आहे, आधी तो शोधा. केबलला तोपर्यंत जॅक लावू नका, जॅकसकट ती पाइपातून जात नाही.

जॅक लावताना आठ तारांचा क्रम दोन्ही टोकांना एकच हवा. जॅकची खिट्टी खाली आणि सोनेरी पिना वर धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा सरळ करून एका रेषेत कापा, जॅकच्या टोकापर्यंत आठही पोहोचल्या आहेत हे समोरून पाहा, मगच क्रिम्पर, म्हणजे जॅक बसवायची पक्कड, दाबा. केबलची बाहेरची साल जॅकच्या आत दबली पाहिजे, नाहीतर दोन-चार वेळा ओढल्यावर तारा निसटतात. क्रिम्पर नसेल तर कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला किंवा सीसीटीव्ही बसवणारा हे काम थोडक्या पैशांत करून देतो.

टेस्टर असेल तर आठही दिवे क्रमाने लागतात का पाहा. नसेल तर एक आकडा लक्षात ठेवा: ९४. प्लॅन २०० चा आणि वायरने जोडलेल्या संगणकावर स्पीड टेस्ट ९४च्या आसपासच अडकून बसते, असं झालं की दोष बहुधा कंपनीचा नसतो. केबलच्या चार जोड्यांपैकी निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नाही तर जोडणी हजारवरून शंभर एमबीपीएसवर उतरते आणि शंभरमधून हाती साधारण ९४ पडतात. बाबांच्या डेस्कटॉपवर अगदी हाच आकडा आला. जॅक भिंगातून पाहिला तर तपकिरी तार आत अर्धवट राहिली होती. तो कापून नवा लावला आणि आकडा १९८ झाला.

राउटर कोणता

घरातल्या डब्यातच वाय-फाय असतं, मग वेगळा राउटर कशाला? लहान फ्लॅटला खरोखर लागत नाही. जागा बरोबर असेल तर कंपनीच्या डब्यावर दोन-तीन संगणक छान चालतात. वेगळा घ्यायचा असेल तर खोक्यावरचे मोठमोठे आकडे सोडून दोन गोष्टी पाहा. मागचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचे, आहेत का? स्वस्त राउटरांत वाय-फायचा आकडा मोठा छापलेला असतो आणि पोर्ट मात्र शंभरचे, तिथे पुन्हा तोच ९४. दुसरं, तो वाय-फाय ६चा आहे का? घरात चार-पाच संगणक आणि तेवढेच फोन असतील तर वाय-फाय ६ गर्दी जास्त चांगली सांभाळतं. लॅपटॉप जुने, वाय-फाय ५चे असले तरी ते त्याला जोडतात. वाय-फाय ७साठी जास्त पैसे आज मोजावेत असं मला वाटत नाही, घरातल्या लॅपटॉपांत ते नसेल तर उपयोग फारसा होत नाही. बाहेर आलेल्या अँटेना चार की सहा, हा विचार करूच नका.

सेटिंग: एका बैठकीत करायचं काम

लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. वाय-फायवरून सेटिंग बदलताना मध्येच जोडणी तुटते आणि गोंधळ होतो. राउटरच्या पोटावर स्टिकर असतो, त्यावर पत्ता लिहिलेला असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. ब्राउझरमध्ये तो टाका, आकडे अर्थातच इंग्रजी.

सर्वांत आधी अॅडमिनचा पासवर्ड बदला. हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे, राउटरच्या आतल्या सेटिंगच्या कुलपाचा. तो 'अॅडमिन'च ठेवलेला असेल तर वाय-फायला जोडलेला कोणीही तुमचं सगळं बदलू शकतो. त्यानंतर फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा.

मग इंटरनेटची जोडणी. पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने चालणारी जोडणी, असेल तर ते दोन्ही कंपनीकडून मागून घ्या, नसेल तर 'डायनॅमिक आयपी' हा पर्याय निवडा. सगळं बरोबर भरूनही नेट येत नसेल तर स्थानिक केबलवाल्याला फोन करून विचारा की जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा कायमचा ओळखक्रमांक, बांधून ठेवला आहे का. बरेच जण ठेवतात. नवा पत्ता सांगितला की मिनिटभरात सुरू होतं.

डब्यामागे स्वतःचा राउटर लावलात की एक चूक आपोआप घडते. दोघेही पत्ते, म्हणजे प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा आयपी क्रमांक, वाटायला लागतात. आमच्या प्रिंटरचं कोडं हेच होतं. दादाने वर्षभरापूर्वी आणलेला एक लहान राउटर डब्याला जोडला होता. बाबांचे डेस्कटॉप आणि प्रिंटर डब्याकडून पत्ता घेत होते, १९२.१६८.१ने सुरू होणारा. दादाचा लॅपटॉप त्या राउटरकडून, १९२.१६८.०ने सुरू होणारा. एकाच घरात दोन वेगळी आवारं आणि मध्ये भिंत. लॅपटॉप चुकून डब्याच्या वाय-फायला लागला की प्रिंटर दिसायचा, राउटरला लागला की गायब. उपाय दोन. कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो फक्त फायबरचं नेट पुढे देतो आणि पत्ते तुमचा राउटर वाटतो. किंवा डब्यालाच मालक राहू द्या आणि तुमचा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवतो, पत्ते वाटत नाही. आम्ही पहिला उपाय केला आणि डब्याचं वाय-फाय बंद केलं. पण पत्ते वाटणारा घरात एकच असला पाहिजे, यात तडजोड नाही.

आता वाय-फाय. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो पण हळू आणि गर्दीचा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे दमतो. लॅपटॉप शक्यतो ५वर हवेत. दोन्हींना एकच नाव देऊन राउटरवर सोपवता येतं, पण काही लॅपटॉप हट्टाने २.४लाच चिकटतात. म्हणून मी दोन नावं वेगळी ठेवली आणि लॅपटॉपांत फक्त ५चं नाव साठवलं.

चॅनल 'ऑटो'वर ठेवून काम भागलं तर ठीक. अपार्टमेंटमध्ये सहसा भागत नाही. २.४मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. अॅपमध्ये पाहून त्यातला सर्वांत मोकळा घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली तर शेजाऱ्यांचाही त्रास वाढतो, आपलाही. ५मध्ये ३६ किंवा १४९, रुंदी ८०. मधले ५२च्या पुढचे चॅनल रडारशी वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटर ते सोडून दुसरीकडे जातो आणि नेमका कॉल सुरू असताना जोडणी तुटते.

सुरक्षेत डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र पर्याय निवडा. फक्त ३ ठेवलं तर जुने प्रिंटर जोडत नाहीत. डब्ल्यूपीएस म्हणजे बटण किंवा आठ आकडी पिनने जोडायची सोय, ती बंद करा. त्या पिनची पद्धत कच्ची आहे हे २०११ सालीच उघड झालं आहे. बाहेरून राउटर चालवायची सोय असेल तर तीही बंद. पासवर्डमध्ये मोबाइल नंबर, आडनाव, गाडीचा नंबर नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. पाठ राहतात आणि कोणाला सुचत नाहीत.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा. गणपतीत घर भरलेलं असतं, वीस जण पासवर्ड मागतात. ज्या नेटवर्कवर बाबांच्या अशिलांच्या फाइली आहेत, तिथे कोणाचा कोणता फोन जोडला जातो यावर आपला ताबा राहत नाही. गेस्टचा क्यूआर कोड छापून हॉलमध्ये लावला की विचारणंही थांबतं. सीसीटीव्हीचा एखादा स्वस्त वाय-फाय कॅमेरा किंवा स्मार्ट प्लग असेल तर तोही गेस्टवरच टाका.

वरच्या मजल्यासाठी

राउटर जिन्याजवळ आणल्यावर वहिनीचं काम भागलं, पण पुतणीच्या कोपऱ्यातल्या खोलीत उणे ७६च राहिले. अशा ठिकाणी लोक रिपीटर आणतात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो जिथे रेंज नाही तिथे लावला जातो, म्हणजे त्यालाच नीट ऐकू येत नाही. तिन्ही दांड्या दिसतात आणि पान उघडत नाही, याचं कारण हे. मेश, म्हणजे आपसात बोलून एकच वाय-फाय पसरवणारे दोन-तीन डबे, त्यापेक्षा बरा, विशेषतः दोन डब्यांमधल्या बोलण्यासाठी वेगळा पट्टा असेल तर. भाड्याच्या घरात, वायर टाकणं शक्य नसेल, तर मेशच घ्या आणि दुसरा डबा रेंज नसलेल्या खोलीत न ठेवता वाटेत, चांगली रेंज असलेल्या जागी ठेवा.

पण केबल वर गेलेली असेल तर याहून उत्तम आणि जवळजवळ फुकट मार्ग आहे. माळ्यावर पडलेला जुना राउटर काढा, टेलिफोन लाइनच्या ब्रॉडबँडच्या काळातला असला तरी चालेल. आम्ही दादाचाच लहान राउटर वापरला. तो मुख्य नेटवर्कला जोडण्याआधी एकटा लॅपटॉपला जोडून तीन बदल करा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मुख्य राउटरशी टक्कर होणार नाही. त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा, चॅनल मात्र वेगळा, खाली ६ तर वर ११. मग वर आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वेगळ्या रंगाच्या इंटरनेटच्या पोर्टमध्ये नाही. अॅक्सेस पॉइंट मोडचं बटणच असेल तर एवढं करावं लागत नाही.

लॅपटॉप वर नेला तरी तो खालच्याच राउटरला धरून बसतो, असं काही वेळा होतं. राउटर बदलायचा निर्णय लॅपटॉप घेतो. खालच्या राउटरची ट्रान्समिट पॉवर 'हाय'वरून 'मीडियम' केली की तो वेळेवर सोडतो.

संगणक आणि प्रिंटर एकमेकांना दिसावेत म्हणून

वीज गेली, आली आणि प्रिंटर 'ऑफलाइन' झाला, हे ज्यांच्या घरी होतं त्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा. प्रत्येक वेळी चालू झाल्यावर प्रिंटर राउटरकडे पत्ता मागतो. काल पत्त्याचा शेवटचा आकडा २३ होता, आज ३१ मिळाला, संगणक मात्र २३लाच हाका मारतो. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर वाटायचे पत्ते १०० ते १९९ असे ठेवा. मग 'अॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये प्रिंटरला त्याच्या मॅक पत्त्यावरून कायमचा २० द्या, बाबांच्या मुख्य डेस्कटॉपला १०. त्यानंतर प्रत्येक संगणकावर प्रिंटर काढून टाकून आयपी पत्त्यानेच पुन्हा जोडा. आमच्याकडे त्यानंतर प्रिंटर एकदाही हरवलेला नाही.

फाइली वाटून घ्यायच्या तर विंडोजमध्ये आधी नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करा. नवं वाय-फाय जोडताना बहुतेकदा 'पब्लिक' पडलेलं असतं आणि मग बाकी काही केलं तरी संगणक दिसत नाही. नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग सुरू करा. पूर्ण डी ड्राइव्ह शेअर करू नका. एक वेगळा फोल्डर करा आणि तोच शेअर करा. दुसऱ्या संगणकावरून उघडताना विंडोज युजरनेम-पासवर्ड विचारतं, तिथे माणसं अडतात, कारण रोज आपण चार आकडी पिन टाकून आत जातो. ती पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. दुसरा अडथळा झोपेचा. फोल्डर असलेला डेस्कटॉप स्लीपमध्ये गेला की फोल्डरही जातो, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद ठेवा. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. घरात तसा संगणक असेल तर त्याच्यावर असा शेअर फोल्डर ठेवू नये.

वीज आणि वळीव

डबा आणि राउटर दोघांनाही मिनी यूपीएस लावा, एकालाच लावून उपयोग नाही. घेताना दोघांच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९चेही असतात. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. बिल्डिंगमधल्या केबलवाल्याच्या स्विचला, म्हणजे घरोघरी नेट वाटणाऱ्या यंत्राला, बॅकअप नसेल तर बाहेरचं नेट जाईल. घरातलं नेटवर्क तरीही चालू असतं, लॅपटॉपवरून शेअर फोल्डर उघडता येतो.

एप्रिल-मे महिन्यात वळवाचे ढग जमले की सावध राहा. फायबर काचेची असल्यामुळे तिच्यातून वीज येत नाही. पण ज्यांच्याकडे शेजारच्या गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची लॅन केबल हवेतून लोंबत येते, त्यांचा राउटर एका कडकडाटात जातो, आणि कधी त्याला जोडलेल्या संगणकाचा पोर्टही जातो. गडगडाट सुरू होण्याआधी ती केबल राउटरमधून उपसून ठेवा. नुसता विजेचा बटण बंद करणं पुरत नाही.

अडलं तर कुठे शोधायचं

प्रत्येक वेळी राउटर बंद-चालू करण्याआधी अर्धा मिनिट डब्याकडे पाहा. 'लॉस' (LOS) लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरचा सिग्नलच येत नाही, बहुधा ती तुटली आहे, घरात काही करू नका, फोन करा. दिवे ठीक असतील तर संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा, त्यात संगणकाचा पत्ता दिसतो. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे केबल, वाय-फायची जोडणी किंवा राउटरचं डीएचसीपी तपासा. पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग करा, म्हणजे ping आणि त्याचा पत्ता लिहून हाक मारा. उत्तर येत नसेल किंवा वेळ शंभर मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल तर दोष घरातल्या वाय-फायचा. तिथून उत्तर चांगलं येत असेल तर ८.८.८.८ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. तिथे अडलं तर दोष बाहेरच्या लाइनचा. तिथेही पोहोचतंय आणि तरी साइट उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बदलून पाहा.

हे चार निकाल, प्लॅनचा युजरनेम, राउटरचा पत्ता आणि कोणत्या यंत्राला कोणता आकडा दिला, एवढं एका कागदावर लिहून आम्ही मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. परवा लाइन गेली तेव्हा बाबांनी तो कागद समोर धरून फोन केला आणि 'लॉसचा दिवा लाल आहे' एवढंच सांगितलं. फोनवरच्या माणसाने पुढे एकही प्रश्न न विचारता लाइनमन पाठवला.